तिकिटाविना मैफल : अमेरिकेतील उन्हाळी उद्यान-संगीताची हकीकत

बॉस्टन शहरातील कॉप्ली चौकात सार्वजनिक ग्रंथालयाची जी वास्तू १८९५ साली उभी राहिली, तिच्या मुख्य प्रवेशद्वाराच्या माथ्यावर ‘सर्वांस मुक्त’ अशा अर्थाचे तीन इंग्रजी शब्द दगडात कोरलेले आहेत. ग्रंथालय त्याहूनही जुने. १८४८ साली त्याची स्थापना झाली आणि १८५४ मध्ये ते वाचकांना खुले झाले. ग्रंथ हे ज्याच्या त्याच्या ऐपतीवर सोडून द्यावयाचे नसून नगराने सर्वांसाठी बाळगावयाचे धन आहे, ही कल्पना त्या शहराने इतक्या लवकर स्वीकारली होती. संगीताच्या बाबतीत मात्र तेथे निराळा न्याय होता. उत्तम वाद्यवृंद ऐकावयाचा तर सिम्फनी हॉलचे तिकीट काढावे लागे, आणि ते परवडले नाही तर ऐकण्याची इच्छा गिळून टाकावी लागे. ग्रंथांना मिळालेला न्याय संगीताला मिळावा म्हणून त्याच शहरात पुढे एका व्हायोलिनवादकाने खटपट केली. त्या खटपटीची, तिच्या आधीच्या व नंतरच्या प्रयत्नांची, आणि या सर्वांचा सर्वांत शांतपणे लाभ घेणाऱ्या एका श्रोतृवर्गाची ही हकीकत आहे. हा श्रोतृवर्ग म्हणजे सेवानिवृत्त जोडपी. आज अमेरिकेतील कोणत्याही शहरात जुलै-ऑगस्टच्या संध्याकाळी उद्यानात वाद्यवृंद वाजत असेल, तर पुढच्या बाजूला घडीच्या खुर्च्या मांडून, अंगावर हलकी शाल घेऊन वेळेच्या बरेच आधी येऊन बसलेली ही मंडळी हमखास दिसतात. गंमत अशी की या मैफली सुरू करणाऱ्यांपैकी फारसे कोणी त्यांना डोळ्यांपुढे ठेवले नव्हते.

आरंभी प्रश्न होता तो मजुरांचा, आणि तो प्रथम पेटला लंडनमध्ये. १८५५ साली इमारत खात्याचे प्रमुख सर बेंजामिन हॉल यांनी रविवारी दुपारी केन्सिंग्टन उद्यानात लष्करी बँड वाजविण्यास परवानगी दिली. (पार्लमेंटच्या घड्याळाच्या घंटेला ‘बिग बेन’ हे नाव याच गृहस्थांवरून पडले असे सांगतात.) आठवड्याचे सहा दिवस राबणाऱ्या माणसाला संगीत ऐकावयास रविवारच मोकळा असतो, हे उघड होते. परंतु रविवार हा प्रभूचा दिवस, त्या दिवशी करमणूक म्हणजे धर्मबाह्य वर्तन, असे मानणारा पक्ष प्रबळ होता. अखेर कँटरबरीच्या आर्चबिशपनेच विरोध नोंदविला आणि पंतप्रधान पामर्स्टन यांनी १८५६ च्या मे महिन्यात बँड बंद केले. न्यूयॉर्कमध्ये सेंट्रल पार्कात १८५९ च्या उन्हाळ्यापासून विनामूल्य वादन होऊ लागले, पण ते शनिवारी दुपारी. शनिवार हा त्या काळी कामाचाच दिवस असल्याने ‘विनामूल्य’ या शब्दाचा लाभ ज्यांना गाडीघोडे व सवड होती त्यांनाच मिळे. रविवारच्या वादनाला तेथे परवानगी मिळावयास १८८४ साल उजाडावे लागले. पंचवीस वर्षे एखादी गोष्ट फुकट असूनही गरिबाच्या वाट्याला येत नाही, याचे याहून बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

या साऱ्या मैफली उन्हाळ्यातच का होत, याचे उत्तर केवळ हवामानात नाही. अर्थात थंड प्रदेशात खुल्यावर बसण्याचा ऋतू तोच. परंतु खरे कारण वादकांच्या पोटापाण्याशी निगडित होते. मोठ्या वाद्यवृंदांचा हंगाम हिवाळ्याचा असे. वसंत सरला की वादकांचा पगार थांबे आणि शरद ऋतूपर्यंत त्यांना अन्यत्र काम शोधावे लागे. बॉस्टनच्या वाद्यवृंदाने १८८५ पासून जे हलक्याफुलक्या संगीताचे ‘पॉप्स’ कार्यक्रम सुरू केले, त्यामागे वादकांना उन्हाळ्यात काम देणे हाही हेतू होता. म्हणजे एकीकडे रिकामे वादक, दुसरीकडे उकाड्याने घराबाहेर पडलेले नागरिक, आणि मध्ये मोकळी हिरवळ, असा हा योग होता. पैसा कोणी घालावयाचा एवढेच ठरावयाचे होते. या एका प्रश्नाचे उत्तर दर पिढीने निराळे दिले, आणि उन्हाळी मैफलींचा इतिहास म्हणजे बव्हंशी त्या उत्तरांचा इतिहास होय.

आर्थर फीडलर (१८९४-१९७९) यांचे उत्तर होते आपल्याकडे ज्याला वर्गणी म्हणतात ते. त्यांचे घराणे वादकांचे. वडील बॉस्टनच्या वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवीत, आणि आडनावाचा जर्मन भाषेतील अर्थही ‘व्हायोलिनवाला’ असाच. स्वतः आर्थर १९१५ मध्ये त्याच वृंदात दाखल झाले. चार्ल्स नदीच्या काठी एस्प्लनेड नावाचा जो हिरवा पट्टा आहे, तेथे आपल्या सहकाऱ्यांना घेऊन विनामूल्य मैफली कराव्यात ही कल्पना त्यांनी अनेक उंबरठे झिजवून, थोडेथोडे पैसे गोळा करून प्रत्यक्षात आणली. ४ जुलै १९२९ रोजी पहिली मैफल झाली. वर्ष ध्यानात घेण्याजोगे आहे. त्यानंतर चारच महिन्यांनी न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळला आणि देशावर मंदीची अवकळा पसरली. अशा वेळी बंद पडावयास हवा असा हा उपक्रम टिकला, नव्हे, रुजला. ज्यांना तिकीट काढणे आता शक्य नव्हते असे श्रोते शहरात दरमहा वाढतच होते.

खुल्या जागेत वाद्यवृंद वाजविणे हे बोलण्याइतके सोपे नाही. बंद सभागृहात भिंती व छत नाद परतवून श्रोत्यांपर्यंत पोचवितात. उघड्यावर तो चहूकडे विखुरतो. पितळी वाद्यांचा आवाज भेदक असल्याने बँडचे निभावते. म्हणूनच उद्यान-संगीताची पहिली साठ-सत्तर वर्षे बँडची होती. व्हायोलिनसारख्या तंतुवाद्यांचा नाजूक स्वर मात्र वीस-पंचवीस पावलांवर विरू लागतो. यावर उपाय म्हणून शिंपल्याच्या आकाराचा, मागून व वरून वळवून घेतलेला मंच बांधीत. तिकडे त्याला नुसते ‘शेल’ म्हणतात. फीडलर यांचा पहिला शेल साधा लाकडी होता. आज तेथे जो पक्का मंच आहे तो १९४० सालचा. मारिया हॅच नावाच्या एका स्त्रीने आपल्या भावाच्या स्मरणार्थ मृत्युपत्रात ठेवलेल्या देणगीतून तो उभारला गेला आणि त्या कुटुंबाच्याच नावाने ओळखला जातो.

या एस्प्लनेडचीही एक लहानशी कथा आहे. नदीकाठ सुशोभित व्हावा म्हणून श्रीमती हेलन स्टॉरो यांनी मोठी देणगी दिली होती आणि तेथून मोटाररस्ता नेण्यास त्यांचा कडवा विरोध होता. १९४४ मध्ये त्या निवर्तल्या. १९५१ साली तोच रस्ता तेथून गेला आणि त्याला नाव दिले गेले स्टॉरो यांचेच! (उपकारकर्त्याचे नाव त्याच्या इच्छेविरुद्धच्या कामाला देण्याची ही रीत केवळ अमेरिकेपुरती आहे असे म्हणवत नाही.) भरधाव मोटारींमुळे हिरवळ शहरापासून तुटली, तेव्हा पादचाऱ्यांसाठी पूल बांधावा लागला. त्याला फीडलर यांचे नाव आहे. त्याला पायऱ्यांऐवजी वळणावळणाचा उतार आहे. घडीची खुर्ची बगलेत धरून चालणाऱ्या सत्तरीच्या माणसाला या उताराचे मोल सांगावयास नको.

न्यूयॉर्कमध्ये वर्गणीऐवजी एका धनिकाचे औदार्य कामी आले. एल्कन नॉमबर्ग (१८३५-१९२४) हे पेढीवाले गृहस्थ १९०५ पासून सेंट्रल पार्कात विनामूल्य मैफली भरवीत, आणि १९२३ मध्ये त्यांनी तेथे दगडी कमानीचा एक सुंदर मंच शहराला भेट दिला. याउलट आयोवा या शेतकऱ्यांच्या राज्यात धनिकाची वाट न पाहता कायद्याची कास धरली गेली. १९२१ च्या कायद्याने तेथील गावांना, मतदारांनी कौल दिल्यास, गावच्या बँडसाठी स्वतःवर कर बसवून घेण्याचा अधिकार मिळाला. पुढे भारतात मद्रासने १९४८ मध्ये ग्रंथालय उपकर बसविला. ग्रंथालयशास्त्राच्या अभ्यासकांना दोन्हींतील साम्य तत्काळ जाणवेल. आयोवातील लोकांना आपल्या कायद्याचे इतके कौतुक की कार्ल किंग या रचनाकाराने ‘आयोवा बँड लॉ’ या नावाची एक संचलनाची चालच रचली. कायद्याच्या नावाने गाणे झाल्याचे उदाहरण विरळा.

अशा लहान गावांतील मैफलीचे रूप अगदी घरगुती असते. गावच्या चौकात बँडचा मंडप, भोवताली हिरवळ, आणि हिरवळीच्या कडेने उभ्या केलेल्या मोटारी. ज्यांना चालणे अवघड होते ते मोटारीतच बसून काचा खाली करून ऐकतात, आणि गत संपली की टाळ्यांऐवजी भोंगे वाजवून दाद देतात. शहरी रसिकाला हा प्रकार रानटी वाटेल. पण गुडघे धरलेल्या म्हाताऱ्या श्रोत्यालाही समेवर दाद देण्याचा अधिकार त्याने मिळतो, हे विसरता येत नाही.

विनामूल्य मैफलीच्या इतिहासातील सर्वांत गुंतागुंतीचे पर्व मात्र शिकागोचे. मूकपटांच्या काळात चित्रपटगृहात पडद्यासमोर बसून वाजविणारे हजारो वादक अमेरिकेत होते. १९२७ नंतर बोलपट आले आणि त्यांची गरज दोन-तीन वर्षांत संपली. आपल्याकडे १९३२ मध्ये प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ बोलू लागला, तेव्हा पडद्यापाशी पेटी-तबला घेऊन बसणाऱ्यांवर हीच पाळी आली. शिकागोत या बेकारीवर मंदीचीही भर पडली. तेथील वादकांच्या संघटनेचा प्रमुख होता जेम्स पेट्रिलो. त्याने १ जुलै १९३५ पासून मिशिगन सरोवराजवळील ग्रँट पार्कात विनामूल्य मैफली सुरू केल्या आणि आरंभीचा खर्च संघटनेने उचलला. श्रोत्यांना फुकट, वादकांना मात्र पूर्ण मोबदला, हे त्याचे सूत्र होते. धर्मादाय म्हणून वादकाने फुकट वाजवावे ही कल्पनाच त्याला मान्य नव्हती. त्याच वर्षी रूझवेल्ट सरकारने बेकार वादकांसाठी संघराज्याची संगीत योजना काढली, आणि सरकारी खर्चानेही देशभर मैफली होऊ लागल्या.

पेट्रिलो १९४० मध्ये सबंध देशाच्या वादक-संघटनेचा अध्यक्ष झाला. आता त्याची नजर ध्वनिमुद्रिकांकडे वळली. वादक एकदा वाजवितो, तबकडी लाख वेळा वाजते, आणि त्या तबकडीमुळे उपाहारगृहातील, नभोवाणीवरील वादकाचे काम जाते. म्हणजे वादक आपल्याच हाताने आपल्या बेकारीचे यंत्र घडवितो, असा त्याचा युक्तिवाद होता. १ ऑगस्ट १९४२ पासून त्याने ध्वनिमुद्रणावर बहिष्कार पुकारला. महायुद्ध ऐन भरात असताना हा संप! वृत्तपत्रांनी त्याच्यावर आग पाखडली, खुद्द राष्ट्राध्यक्षांनी विनंती केली, तरी तो बधला नाही. १९४४ च्या नोव्हेंबरपर्यंत मोठमोठ्या कंपन्या एकेक करून वाकल्या आणि प्रत्येक तबकडीमागे ठरावीक रक्कम संघटनेच्या निधीत भरण्याचे त्यांनी कबूल केले. १९४७ च्या नव्या कामगार कायद्याने असा निधी संघटनेच्या ताब्यात ठेवण्यास मनाई केली, तेव्हा १९४८ मध्ये दुसरा बहिष्कार झाला आणि त्यातून स्वतंत्र विश्वस्ताच्या हाती सोपविलेला संगीत-कार्यक्रम निधी जन्मास आला. त्याची अट एकच : या पैशातून वादकांना मोबदला द्यावा आणि कार्यक्रम जनतेसाठी विनामूल्य असावा.

पेट्रिलोचा स्वभाव हुकूमशाही होता आणि त्याच्यावर प्रेम करणारे फार नव्हते. पण न्याय करावयाचा तर हे म्हटले पाहिजे की घरात बसून तबकडी ऐकणाऱ्या गिऱ्हाइकाच्या खिशातील चार पैसे उद्यानात बसलेल्या निर्धन श्रोत्यापर्यंत पोचविण्याची इतकी सरळ वाट दुसऱ्या कोणालाही सुचली नव्हती. पुढची अनेक दशके लहानमोठ्या गावांतील असंख्य उन्हाळी कार्यक्रमांचा खर्च या निधीने अंशतः तरी उचलला. तेथे टाळ्या वाजविणाऱ्या बहुतेकांना तो पैसा कोठून आला याची कल्पनाही नसे.

येथपर्यंत निवृत्त जोडप्याचा उल्लेख आला नाही, आणि त्याला कारण आहे. मोठ्या संख्येने ‘निवृत्त’ म्हणता येईल असा वर्गच अमेरिकेत तोवर अस्तित्वात नव्हता. सामान्य कामगार हातपाय चालेतो राबे आणि त्यानंतर मुलांच्या आधाराने किंवा धर्मशाळेच्या छपराखाली दिवस कंठी. ग्रँट पार्कातील पहिल्या मैफलीनंतर सहा आठवड्यांनी, १४ ऑगस्ट १९३५ रोजी, रूझवेल्ट यांनी सामाजिक सुरक्षा कायद्यावर सही केली. मूळ कायद्यात निवृत्तिवेतन होते ते काम करणाऱ्या व्यक्तीपुरतेच. १९३९ च्या दुरुस्तीने पासष्ट वर्षांवरील पत्नीला पतीच्या वेतनाच्या निम्म्याइतकी रक्कम वेगळी मिळू लागली आणि विधवेचीही सोय झाली. कायद्याच्या दृष्टीने ‘निवृत्त जोडपे’ जन्मास आले ते या दुरुस्तीने. ३१ जानेवारी १९४० रोजी पहिले मासिक निवृत्तिवेतन व्हरमाँट राज्यातील एका बाईंना मिळाले. रक्कम होती २२ डॉलर ५४ सेंट. (त्या बाई अविवाहित होत्या, हा योगायोग.)

इतक्या मोजक्या उत्पन्नात दोन जीव राखावयाचे, तर सिम्फनी हॉलची दोन तिकिटे ही चैनच होती. उद्यानातील मैफल मात्र जणू त्यांच्यासाठीच बेतलेली ठरली. तिला पोशाखाचा संकेत नाही. जेवणाचा डबा घरून नेता येतो. जुलैत बॉस्टनसारख्या ठिकाणी सूर्य आठनंतर मावळतो, त्यामुळे जाताना उजेड असतो. मध्येच उठावे लागले तरी रांगेतील बारा जणांच्या पायांवरून जावे लागत नाही, आणि ऐकू कमी येत असेल तर खुर्ची उचलून पुढे सरकता येते. याहून महत्त्वाचे म्हणजे तेथे ओळखी होतात. चाळीस वर्षे कारखान्याच्या भोंग्यावर जगलेल्या माणसाच्या आठवड्याला निवृत्तीनंतर आकारच उरत नाही. ‘दर बुधवारी मैफल’ हा तो आकार काही अंशी परत देतो. कार्यक्रमाची आखणीही या श्रोत्यांना सोयीची. एखादी सुरावट, दोन-तीन वॉल्ट्झ, ओळखीच्या नाटकांतील चाली, आणि शेवटी सूझाचे एखादे संचलनगीत. उच्चभ्रू टीकाकारांनी फीडलर यांना या खिचडीबद्दल नावे ठेवली. त्यांनी मनावर घेतले नाही, आणि श्रोत्यांनी तर मुळीच नाही.

‘सर्वांस मुक्त’ या शब्दांतील ‘सर्व’ कोण, हा प्रश्न मात्र या सुखचित्राच्या कडेला सतत उभा होता. १९३९ मध्ये मेरियन अँडरसन या थोर कृष्णवर्णी गायिकेला वॉशिंग्टनमधील कॉन्स्टिट्यूशन हॉल नाकारण्यात आला. तेव्हा ९ एप्रिल रोजी, ईस्टरच्या रविवारी, लिंकन स्मारकाच्या पायऱ्यांवर तिचे गाणे झाले. विनामूल्य, उघड्यावर, आणि सुमारे पंचाहत्तर हजार श्रोत्यांपुढे. हवा गारठ्याची होती आणि ती अंगात जाड कोट घालून गायिली. हे उन्हाळी संगीत नव्हे. परंतु दार बंद झाले म्हणून अंगण केवढे मोठे करता येते, हे त्या दिवसाने दाखविले, आणि त्यानंतर खुल्या मैफलीकडे केवळ हवापाण्याची करमणूक म्हणून पाहणे अवघड झाले.

१९६४ मध्ये न्यूयॉर्क फिलहार्मोनिकच्या वादकांना अमेरिकेत प्रथमच वर्षाचे बावन्न आठवडे पगार देणारा करार मिळाला. आता उन्हाळ्यातही वृंद हाताशी होता, आणि पगार द्यावयाचाच तर त्याला काम देणे आले. १० ऑगस्ट १९६५ रोजी सेंट्रल पार्कातील शीप मेडो या कुरणावर विल्यम स्टाइनबर्ग यांच्या संचालनाखाली या वृंदाची पहिली उद्यान-मैफल झाली. सत्तर हजार लोक जमल्याचे सांगतात. एकेकाळी वादकांच्या बेकारीतून सुरू झालेला उपक्रम आता त्यांच्या बारमाही नोकरीतून चालू लागला. पुढे ५ जुलै १९८६ रोजी स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याच्या शताब्दीनिमित्त त्याच उद्यानात जी मैफल झाली, तिला आठ लाखांचा जमाव होता असा अंदाज आहे. तिचे संचालक होते मुंबईत जन्मलेले झुबिन मेहता.

मराठी माणसाचा या हकीकतीशी संबंध जडला तोही १९६५ सालीच. त्या वर्षाच्या ऑक्टोबरात अमेरिकेने परदेशी नागरिकांच्या प्रवेशाचा नवा कायदा केला, आणि पुढील दशकांत पुणे-मुंबईचेच नव्हे तर इंदूर, बडोदे, बेळगाव, हैदराबाद येथील मराठी घरांतले अभियंते व डॉक्टर तिकडे गेले. मग पाठोपाठ, सहा महिन्यांच्या मुक्कामाला, त्यांचे निवृत्त आईवडील. दिवसभर मुलगा-सून कामावर, नातवंडे शाळेत किंवा शिबिरात, मोटार चालविता येत नाही, आणि रस्त्यावर चिटपाखरू नाही, हा अनुभव कितीतरी घरांना परिचित आहे. अशा मुक्कामात गावच्या उद्यानातील संध्याकाळची मैफल म्हणजे दोघांनी मिळून, कोणावर भार न घालता, करता येण्याजोगी एक हक्काची गोष्ट. संगीत ओळखीचे नसते हे खरे. परंतु मोकळ्यावर सतरंजी पसरून बसणे, शेजारच्याने डबा पुढे करणे, लहान मुलांनी मंचापुढे नाचणे, हे सारे ओळखीचेच असते. सार्वजनिक गणेशोत्सवात मुंबई-पुण्याच्या चौकांतून नामवंत गवयांचे गाणे पिढ्यान्पिढ्या असेच ऐकले गेले, आणि गोमंतकातील देवळांच्या सभामंडपात कीर्तनाला कधी तिकीट नव्हते. तेथेही विड्याचा, बिदागीचा, मांडवाचा खर्च कोणीतरी करीतच असे. कधी यजमान, कधी देवस्थान, कधी आळीची वर्गणी.

किंबहुना या देवाणघेवाणीचा एक धागा पुष्कळ जुना आहे. महाराज सयाजीराव गायकवाड १९०६ मध्ये अमेरिकेत गेले, तेव्हा तेथील विनामूल्य सार्वजनिक ग्रंथालयांनी ते प्रभावित झाले. १९१० साली त्यांनी विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्यास आणून संस्थानभर ग्रंथालयांचे जाळे विणविले. त्या चळवळीचे ‘लायब्ररी मिसेलनी’ हे नियतकालिक इंग्रजी, गुजराती आणि मराठी या तीन भाषांत निघे. संगीताचे त्यांचे काम त्याच्याही आधीचे. १८८६ मध्ये मौलाबक्ष यांच्या हाताखाली त्यांनी सरकारी गायनशाळा काढली होती, आणि १८७९ साली जनतेसाठी केलेल्या सयाजीबागेत बँडस्टँड आहे. बॉस्टनमध्ये ग्रंथांना मुक्ती आधी मिळाली व संगीताला मागाहून. बडोद्यात ग्रंथ व नाद दोन्हींचा भार एकाच राज्यकर्त्याने उचलला. भार उचलणारा एकच असला की त्याच्यामागे काय होते, याचा अनुभव संस्थाने विलीन झाल्यावर पुष्कळ गावांनी घेतला आहे.

नॉमबर्ग यांच्या मंचावरही तशी वेळ आली होती. दगड झिजले, भोवताली टवाळांचा वावर वाढला, आणि शहराने तो पाडून टाकावयाचे ठरविले. तेव्हा दात्याच्या वंशजांनी व उद्यानप्रेमी नागरिकांनी न्यायालयात धाव घेतली, आणि १९९३ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला. एकदा स्वीकारलेली देणगी शहराला वाटेल तेव्हा मोडून टाकता येत नाही. नॉमबर्ग यांच्या नावाच्या मैफली आजही होतात. बॉस्टनमध्ये ४ जुलैची मैफल राष्ट्रीय उत्सवच बनली. १९७६ साली, स्वातंत्र्याच्या द्विशताब्दीला, फीडलर यांच्यापुढे सुमारे चार लाख श्रोते होते. महासाथीमुळे २०२० मध्ये ती झाली नाही, २०२१ मध्ये ती शहराबाहेर टँगलवुड येथे हलविण्यात आली, आणि २०२२ मध्ये पुन्हा नदीकाठी परतली. तबकड्यांचा जमाना सरल्याने पेट्रिलोच्या वारशाने चालणाऱ्या निधीची आवक पूर्वीसारखी राहिलेली नाही. तरीही तो चालू आहे, आणि अलीकडे ज्येष्ठ नागरिकांच्या केंद्रांतील कार्यक्रमांनाही त्यातून साहाय्य मिळते.

शिकागोच्या मैफली २००४ पासून मिलेनियम पार्कातील नव्या मंचावर होतात. वास्तुकार फ्रँक गेरी यांनी तेथे शिंपल्याला भव्य धातूच्या पाकळ्यांचे रूप दिले आहे. मंचासमोर चार हजार खुर्च्या आणि त्यांच्यामागे सात हजार लोक मावतील अशी हिरवळ. हिरवळीवर पोलादी नळ्यांची एक विस्तीर्ण जाळी कमानीसारखी धरलेली असून तिला जागोजागी ध्वनिक्षेपक टांगले आहेत. पुढच्या राखीव खुर्च्या वार्षिक वर्गणी भरणाऱ्या सभासदांसाठी. त्यांत पुष्कळशी मंडळी निवृत्त, आणि त्यांच्या वर्गणीवर उपक्रमाचा काही भार चालतो. उरलेल्या खुर्च्या आणि सगळी हिरवळ कोणासही मोकळी. ज्यांना वर्गणी परवडत नाही अशी जोडपी आपल्या खुर्च्या घेऊन तासभर आधी येतात, सावलीचा कोपरा पाहून बसतात, आणि वरच्या जाळीतून त्यांच्यापर्यंत तेच संगीत पोचते.